पॉपकॉर्न सीलिंग काढून घेतलं: एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरच्या कामाबद्दल

न्यू जर्सीत जुनं घर घेतलेली आपली मंडळी मला सध्या एकच विचारतात: पॉपकॉर्न सीलिंग, म्हणजे फवारा मारून केलेलं दाणेदार छत, काढायला चौरस फुटाला किती पडले? आकडा पुढे सांगतेच. पण आकड्यावरून कॉन्ट्रॅक्टर निवडू नका, एवढं आधी सांगायचंय. छत खरवडणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. खरवडण्याआधी माणूस काय तपासतो आणि खरवडल्यावर उघड्या पडलेल्या छताचं काय करतो, यावर सगळं अवलंबून. आम्हाला मिळालेला माणूस दोन्ही बाबतींत चोख निघाला, म्हणून हे सविस्तर लिहितेय. तक्रारी आहेत, त्याही लिहिते.

आमचं घर हिल्सबरोत, १९७९ सालचं स्प्लिट-लेव्हल, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या जिन्याच्या अंतरावर मजले असलेलं. स्वयंपाकघर आणि बाथरूम सोडले तर सगळीकडे ते दाणेदार, खडबडीत छत. पन्नासच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत अमेरिकेत आणि कॅनडात अशी घरं भरपूर बांधली गेली. दिवाळीच्या आधी जळमटं काढायला झाडू वर लावला की छताचेच कण अंगावर पडत. डायनिंगवरचा भाग तर फोडणीचा धूर पिऊन पिवळट झाला होता, आणि तो पुसता येत नाही, धुता येत नाही. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. त्यांच्या पलंगावर रोज सकाळी पांढरा भुगा दिसायला लागला तेव्हा मात्र हे काम पुढे ढकलायचं नाही असं ठरवलं.

बिल्डर हे का मारत, ते कळलं की पुढचं सगळं कळतं. छताला ड्रायवॉलचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद लावलेल्या जिप्समचे, चार फूट रुंद बोर्ड ठोकतात. त्यांच्या सांध्यांवर कागदी टेप लावून, वर मडचे (सांधे भरायच्या लगद्याचे) दोन-तीन हात देऊन, घासून सपाट करायला वेळ लागतो आणि कारागीर चांगला लागतो. त्याऐवजी टेप आणि एखादा हात झाला की वरून पॉपकॉर्नचा फवारा मारायचा. सांधे, खिळ्यांची डोकी, उंचसखल भाग, सगळं झाकलं जायचं. खोलीतला आवाज थोडा कमी घुमतो हा फायदा होताच, पण मुख्य बचत मजुरीची. म्हणजे हे छत काढलं की खाली अर्धवट सोडलेलं काम निघणार, हे धरूनच चालायचं.

आम्ही तिघांकडून अंदाजपत्रक घेतलं. एकाने फोनवरच सव्वादोन डॉलर चौरस फूट सांगितलं, सोमवारी येतो म्हणाला. घर कधीचं आहे हे त्याने विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्याचा दर सगळ्यात जास्त होता, पण कामाचा तपशील एका ओळीत. तिसरे म्हणजे मॅनव्हिलचे पोलिश बापलेक, ज्यांना आम्ही काम दिलं. नवी कामं ते ओळखीतूनच घेतात आणि नाव कुठे जाहीर लिहिलेलं त्यांना नको आहे, म्हणून लिहीत नाही. वडिलांचा पहिला प्रश्न होता, घराचं साल कोणतं? दुसरा, या छतावर नंतर कोणी रंग मारलाय का? आणि लॅबचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय आकडा देणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

रिपोर्ट ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे फुप्फुसांना घातक अशा तंतुमय खनिजाचा. सजावटीसाठी फवारायच्या मालात ॲस्बेस्टॉस वापरण्यावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, पण आधीच बनलेला माल संपवायला मुभा होती. त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या घरांतही तो सापडतो आणि बघून ओळखता येत नाही. त्यांनी नमुने घेतले तेही नीट बघण्यासारखं होतं: साबणाचे थेंब घातलेल्या पाण्याने जागा भिजवायची, थोडासा भाग खरवडून पिशवीत बंद करायचा, जागा ओल्या कागदाने पुसायची. एकाच खोलीतून तीन कोपऱ्यांतले तीन नमुने, कारण मिश्रण सगळीकडे सारखं नसतं. लॅब सूक्ष्मदर्शकाखाली तपासते, आणि एक टक्क्याहून जास्त ॲस्बेस्टॉस असेल तर तो माल ॲस्बेस्टॉसयुक्त धरला जातो. नमुन्यामागे पन्नास डॉलरच्या आत खर्च आला. एवढ्या पैशांत जी शांतता मिळते तिची किंमत मी काय सांगू!

वरच्या मजल्याचे नमुने निर्दोष आले. खालच्या फॅमिली रूममध्ये मात्र क्रायसोटाइल, म्हणजे ॲस्बेस्टॉसचाच एक प्रकार, निघालं, तिन्ही नमुन्यांत. वडिलांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "या खोलीला मी हात लावणार नाही. त्यासाठी राज्याचा परवाना असलेली अबेटमेंट, म्हणजे ॲस्बेस्टॉस काढणारी, कंपनी लागते." अख्ख्या कामाचा जवळपास चौथा हिस्सा त्यांनी त्या एका वाक्यात सोडून दिला. तिथेच माझा निर्णय झाला.

मॅनव्हिल हे गावच जॉन्स-मॅनव्हिल या ॲस्बेस्टॉस कंपनीच्या नावाचं. हिल्सबरोतून १९२९ मध्ये ते वेगळं झालं. ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांपायी त्या कंपनीने १९८२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तंतू फुप्फुसात गेले तर आजार दिसायला २० ते ५० वर्षं लागू शकतात. त्यामुळे त्या गावात हा विषय अजून जुना झालेला नाही, हे त्या बापलेकांच्या वागण्यात मला दिसलं.

फॅमिली रूमचं छत आम्ही सध्या तसंच ठेवलंय. ते धड आहे, कुठे गळती नाही, आणि धड असलेलं ॲस्बेस्टॉस न छेडणं हाच अधिकृत सल्ला आहे. तिथे पंखा लावायचा नाही, हूक ठोकायचा नाही, झाडू फिरवायचा नाही, असं घरातल्या सगळ्यांना सांगितलंय. त्या रात्री मी सांगलीला भावाला फोन केला. आपल्याकडे गोठ्यावर, शेडवर जे सिमेंटचे पत्रे असतात, त्यांत बहुतेक हेच क्रायसोटाइल असतं, आणि भारतात ते आजही आयात होतं. भाऊ जुनी शेड पाडायच्या बेतात होता. त्याला म्हटलं, "दादा, पत्रे फोडू नको, ग्राइंडरने तर अजिबात कापू नको. पाणी मारून ओले कर, बोल्ट सोडव आणि अख्खे उतरव." त्याने ऐकलं.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीचा सगळा वेळ झाकण्यातच गेला. सामान बाहेर, जमिनीवर जाड प्लास्टिक, भिंतींनाही वरपासून खालपर्यंत प्लास्टिक, एसी बंद, हवेच्या जाळ्या टेपने सील, छतातल्या दिव्यांची वीज मुख्य पॅनेलवरून बंद. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, कारण पुढे छतावर पाणीच मारायचं असतं. देवघर मी स्वतः हलवलं. सासूबाई तेवढे दिवस एडिसनला नणंदेकडे राहिल्या.

मग बागेत औषध मारायच्या पंपाने कोमट पाणी फवारलं, दहा-पंधरा मिनिटं मुरू दिलं आणि रुंद पत्र्याने खरवडायला घेतलं. पत्र्याची टोकं त्यांनी कानशीने गोल करून आणली होती, म्हणजे ड्रायवॉलच्या कागदाला ओरखडा पडत नाही. पाणी कमी पडलं तर धूळ उडते, जास्त झालं तर बोर्डचा कागद फुगतो. मुलगा हाताने चाचपून बघायचा आणि मगच पत्रा लावायचा. ओला लगदा पट्ट्यापट्ट्यांनी खाली पडत होता, आणि बेडरूमची छतं अर्ध्या दिवसात उघडी झाली.

डायनिंगवर मात्र हे चाललं नाही. आधीच्या मालकाने तिथे लॅटेक्स रंगाचे हात दिले होते आणि रंगातून पाणी आत मुरत नाही. रंगाबद्दल आधी विचारलं होतं ते यासाठीच. एका कोपऱ्यात करून बघितल्यावर बोर्डचा कागदच सुटायला लागला. वडिलांनी लगेच थांबवलं आणि तिथे तीन अष्टमांश इंची नवा ड्रायवॉल वरून बसवायचं ठरलं. खर्च थोडा वाढला, पण छत फाडून मग दुरुस्त करण्यापेक्षा ते शहाणपणाचं होतं.

खरवडल्यावर छत कसं दिसतं ते बघून घाबरू नका. आमच्याकडे प्रत्येक सांधा उठून दिसत होता, टेप ठिकठिकाणी सुटलेली, खिळे खाली उतरलेले. इथून पुढच्या कामाचे खरे पैसे असतात, आणि स्वस्तातले लोक इथेच हात आखडता घेतात. ड्रायवॉलच्या फिनिशला शून्य ते पाच पायऱ्या असतात. चौथ्या पायरीत फक्त सांधे आणि स्क्रूच्या जागा भरून घासतात. पाचव्या पायरीत अख्ख्या पृष्ठभागावर मडचा पातळ थर ओढतात, म्हणजे आपल्याकडे रंगारी लांबी भरतात तेच काम. मोठ्या खिडकीतून उजेड छताला घासून येत असेल, तर चौथ्या पायरीवर सांध्यांच्या सावल्या दिसतात. आमच्या लिव्हिंग रूमला पश्चिमेची खिडकी आहे. मुलाने पायाडावर चढून छताला लागून एक हॅलोजन आडवा धरला, पेन्सिलने खुणा केल्या, तिथे पुन्हा मड भरलं, वाळल्यावर पुन्हा आडवा दिवा. मला हे सांगावं लागलं नाही. संध्याकाळचं ऊन आत आलं की मी अजूनही मुद्दाम वर बघते, आणि त्या छतावर एक रेघ सापडत नाही. घासताना यंत्राला व्हॅक्यूम जोडलेला होता. तरी थोडी धूळ जिन्यापर्यंत आलीच. प्रायमर आणि वर अगदी मॅट पांढरा रंग. चकाकणारा रंग छताला नको, प्रत्येक उणीव दाखवतो.

तक्रारी. जुलैच्या दमट हवेत मड वाळायला वेळ लागला आणि काम लांबलं. ते त्यांच्या हातात नव्हतं, पण पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. भिंतीतल्या कपाटांच्या (क्लॉझेटच्या) आतली छतं दरात धरलेली नव्हती आणि हे आम्हाला बिल बघून कळलं. सगळ्यात गंभीर म्हणजे धुळीपासून जपायला स्मोक डिटेक्टरवर बांधलेलं प्लास्टिक दोन ठिकाणी तसंच राहून गेलं होतं. फोन केल्यावर मुलगा तासाभरात आला, माफी मागितली, सगळे डिटेक्टर वाजवून दाखवले. तरी तुमच्याकडे काम झाल्यावर आधी हे बघा, मग बाकीचं.

आता आकडा. खरवडणं, पाचव्या पायरीचं फिनिश, प्रायमर आणि रंग मिळून चौरस फुटाला साडेसात डॉलर. डायनिंगचं नवं ड्रायवॉल वेगळं. आगाऊ एक तृतीयांश, उरलेले रंगाआधी आणि रंगानंतर. सव्वादोनवाल्याच्या दरात फिनिश नव्हतंच. भाड्याने देण्याच्या घरात चौथी पायरी पुरेल आणि बरीच बचत होईल. राहत्या घरात, मोठ्या खिडक्या असतील तर पाचवीच घ्या, आणि कागदावर तसं लिहून घ्या.

जिन्यावरचं उंच छत राहिलंय. त्याला वेगळा पायाड लागतो. वसंतात तेही याच बापलेकांना दिलंय, आणि या वेळी अंदाजपत्रकात जिन्याखालचं कपाट स्वतंत्र ओळीत आहे.