सहा महिन्यांचा शाश्वततेचा कोर्स : खरं शिक्षण पाचव्या महिन्यात सुरू झालं

भोसरी एमआयडीसीत नट-बोल्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. जर्मनीच्या ग्राहकाकडून एक एक्सेल शीट आली : एक टन बोल्टमागे किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ते भरून पाठवा. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट अशा आयात मालाच्या कार्बनची नोंद युरोपने १ ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीची केली, आणि १ जानेवारी २०२६ पासून त्या कार्बनला किंमतही लागू झाली. त्या यादीत बोल्ट आहेत. आमच्याकडे ती शीट कुणालाच भरता येईना. म्हणून एका खासगी विद्यापीठाचा शनिवार-रविवारचा सर्टिफिकेट कोर्स केला. फी ४५ हजार, निम्मी कंपनीने भरली.

पहिले चार महिने वाया गेले असंच म्हणेन. ओझोनचा थर, सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं, प्लास्टिकचे दुष्परिणाम. सर स्लाइड वाचणार, आम्ही उतरवून घेणार. पर्यावरणाचा पेपर आम्ही सगळ्यांनी पदवीलाच दिलेला होता.

पाचव्या महिन्यात ऊर्जा-लेखापरीक्षणाचं काम वर्षानुवर्षं केलेल्या एक मॅडम आल्या. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी कारखान्याची बारा महिन्यांची वीजबिलं, गॅसची बिलं आणि जनरेटरचं डिझेल रजिस्टर घेऊन या." मग हिशेब सुरू झाला. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो. आमची महिन्याची ४० हजार युनिट म्हणजे २८ टन! मला वाटलं, हाच आपला मोठा आकडा.

मॅडमनी विचारलं, "वायर रॉड कुठून घेता?"

तिथे माझे डोळे उघडले. बोल्टचा बहुतेक कार्बन आमच्या कारखान्यात तयारच होत नाही, तो वायर रॉडमधून, म्हणजे ज्या पोलादी सळईपासून बोल्ट बनतात तिच्यातून येतो. कोळशावरच्या झोतभट्टीतलं पोलाद असेल तर टनामागे दोन टनांहून जास्त. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेलं असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे नुसते एलईडी दिवे बसवून आमची शीट सुधारणार नव्हती, खरेदी विभागाला रॉडवाल्याकडे आकडे मागावे लागणार होते. ते आम्ही मागितले. तीन पत्रं लिहावी लागली, पण मिळाले.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात सौर पॅनेलचे मोठे फोटो आहेत. सरावासाठी आम्ही कॅम्पसचंच वीजबिल आणि डिझेल रजिस्टर मागितलं, तर कार्यालयाने नकार दिला. विद्यार्थ्यांना शिकायला याहून चांगलं साधन दुसरं कुठलं? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो, आणि त्यातल्या कंपन्या आता आमच्यासारख्या पुरवठादारांकडेही आकडे मागतात. हे काम येणारी माणसं आम्हाला शोधूनही सापडत नाहीत. जे खासगी विद्यापीठ स्वतःची बिलं वर्गात टेबलावर ठेवेल, तिथे मी आमच्या कारखान्यातली दोन पोरं उद्या पाठवीन.

प्रवेश घेणाऱ्यांनी काउंटरवर एवढं विचारावं : बिलांवरचा हिशेब किती शनिवार चालतो, आणि शिकवणाऱ्याने तो कारखान्यात केलाय का? आमच्या बॅचला असे आठ शनिवार मिळाले. त्या आठांसाठी मी फी पुन्हा भरीन.

शीट गेली. ग्राहकाने दोन शंका काढल्या, दोन्हींची उत्तरं मीच दिली.