तळ्याकाठची जमीन : गाळपेर की कुरण?

मराठवाड्यात दिवाळीनंतर पाझर तलाव आटायला लागले की काठची काळीभोर जमीन उघडी पडते. ती पेरायला द्यायची (यालाच गाळपेर म्हणतात) की गवतासाठी राखायची, यावर ग्रामसभेत हमखास जुंपते.

गाळपेरीकडे ओढा असणं साहजिक आहे. ओल आयती, खत जवळजवळ नको. हरभरा, ज्वारी, टरबूज जोमात येतं. 2018-19 च्या दुष्काळात सरकारने चारापिकांसाठी अशी जमीन नाममात्र भाड्याने दिली होती. पण नांगरून भुसभुशीत झालेली माती वळवाच्या पहिल्याच सरीत तळ्यात उतरते, फवारलेलं औषधही तिच्यासोबत. शिवाय पेरणारा गडी उन्हाळ्यात तळ्यातच मोटार टाकून पाणी उपसतो. करारात काहीही लिहिलेलं असो.

कुरणातून पैसा नाही, राखण मात्र लागते. हरळी, मारवेल ही गवतं काठ धरून ठेवतात. शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनाला खरा आधार याचाच, कारण गाळपेर बहुधा ट्रॅक्टरवाल्याकडेच जाते.

गावाच्या पिण्याच्या विहिरीला ज्या तळ्याचं पाणी पाझरतं, तिथं माझ्या मते गवतच हवं. बाकी ठिकाणी गाळपेर खुशाल द्यावी, फक्त ओढ्यांची तोंडं सोडून. आणि मोटारबंदी ठरावातच घालावी.