घरी ताकद कमवायची: जोर-बैठका की डंबेल्स?

घरचा व्यायाम सुरू करणं सोपं, टिकवणं अवघड. म्हणून दोन्ही पर्याय मी टिकण्याच्याच कसोटीवर पाहते.

जोर-बैठकांना सतरंजीएवढी जागा पुरते. गावी गेलं तरी खंड पडत नाही. पण 20-25 जोर सहज जमू लागले की पुढे नुसता आकडा वाढतो. ताकदीपेक्षा दमच जास्त वाढतो. शिवाय जोरांत छाती आणि दंडाची मागची बाजू कामाला लागते, ओढण्याचा व्यायाम होतच नाही, पाठ मागे राहते.

डंबेल्सना पैसे लागतात. पण प्लेटा बदलता येणारी जोडी घेतली तर 5 किलोवरून साडेसात, मग 10, अशी चढण वहीत दिसते. मला तर ती वहीच पुन्हा व्यायामाला उठवते! वाकून एका हाताने वजन कमरेकडे ओढलं की पाठीचंही काम होतं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूबळाचा व्यायाम सुचवते. रोजचा हट्ट नको. अगदी नवख्यांनी जोर-बैठकांपासूनच सुरुवात करावी, जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकवून. दोनेक महिन्यांनंतर मात्र माझं मत डंबेल्सना. फक्त ती कपाटात ठेवू नका, पलंगाशेजारी डोळ्यांसमोर असू द्यात.