शुगरच्या मॅडमचा दवाखाना (सोलापूर, अशोक चौकाजवळ), रविवारी बंद असतो म्हणून स्टार कापू नका

आईला शुगर होऊन नऊ वर्षं झाली, दवाखाने बरेच फिरलो. आधीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तीन तास बसायचं आणि डॉक्टर मान वर न करता रिपोर्ट बघणार. आई एकदा म्हणली इन्सुलिनची सुई टोचायला भ्या वाटतंय, तर "मग पाय कापायची वेळ आली की या" असं ऐकवलं. आईनं पंधरा दिवस सुईच घेतली नाही आणि आम्हाला सांगितलंपण नाही.

मग शेजारच्या काकूंनी इथं पाठवलं. मॅडमनी पहिलं विचारलं, "मावशी, घरी सुई कोण टोचतं?" मग स्वतः इन्सुलिनचं पेन आईच्या हातात देऊन टोचून घ्यायला शिकवलं, चपला काढायला लावून तळपाय बघितले, नऊ वर्षात पहिल्यांदा कुणीतरी पाय बघितले हो! आई विड्या वळते, तासन् तास मांडी घालून बसते, दुपारचं जेवण चारला, हे त्यांनी विचारून घेतलं आणि गोळीची वेळ त्याप्रमाणे बदलली. आमच्या मागच्या आजींशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलत होत्या.

आता लोक ज्यावरून स्टार कापतात त्या तक्रारींबद्दल. सकाळी 25 च पेशंट घेतात, दुपारी बंद, रविवारी बंद, रात्री 9 नंतर फोन उचलत नाहीत (इमर्जन्सीला कुठं जायचं ते दारावर लिहिलंय). मलापण आधी राग आला होता, बोलून दाखवला. त्या शांतपणे म्हणल्या, "रेसिडेन्सीत (एमबीबीएसनंतर हॉस्पिटलात काम करत पुढचं शिकतात ती वर्षं) सलग 36 तास ड्युटी केली, झोप नसताना एका पेशंटच्या पोरावर ओरडले, त्याचा बाप वारला होता आणि मला ते माहीतच नव्हतं, सीनियर म्हणायचे आम्हीपण असंच शिकलो." माझी मामेबहीण आता दुसऱ्या शहरात रेसिडेंट आहे, तीपण हेच सांगते, घरी फोन केला की बोलता बोलता झोपते. सलग 12 तासांच्या वर ड्युटी नको, आठवड्याला 48 तास, हे केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत 1992 पासून लिहिलेलं आहे, पाळतं कोण? आणि सुट्टी मागितली की कच्ची म्हणतात.

आपण सोलापूरकर डॉ. कोटणीसांचं नाव अभिमानानं घेतो, घ्यायलाच पाहिजे. पण ते चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेलेले, 1942 ला तिकडंच अवघ्या 32 व्या वर्षी वारले, तिकडं युद्ध चालू होतं. इथं रोजच्या ओपीडीत डॉक्टरनं तसं झिजावं असं आपण का धरून चालतो? मला तर जेवून, झोपून आलेला डॉक्टर पाहिजे, तोच आईचे पाय बघतो.

नंबर सकाळी 8 लाच लावा, सव्वाआठला संपतात. जुने रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, त्या एकेक उघडून बघतात. जिना उंच आहे, लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांना त्रास होतो, तेवढं मॅडमनी बघावं. आईची सुई चालू आहे, स्वतःच टोचून घेते.