वनस्पतिपेशींची वाढ दाखवणाऱ्या तयार काचपट्ट्या: दोन महिन्यांच्या वापरानंतर

वनस्पतींची वाढ पेशींच्या पातळीवर दाखवणारा पाच तयार काचपट्ट्यांचा एक संच मी दोन महिने साध्या शालेय सूक्ष्मदर्शकाखाली वापरला. त्यातली कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या उभ्या छेदाची काचपट्टी इतकी सरस आहे की केवळ तिच्यासाठी संच घ्यावा.

वनस्पतीच्या पेशी भित्तिकांनी एकमेकींना चिकटलेल्या असल्याने जागा सोडत नाहीत, त्यामुळे 100 पट विशालनावर टोकाकडून वर सरकत गेले की त्या वयाच्या क्रमाने भेटतात. आधी टोकाला जपणाऱ्या, या क्रमाबाहेरच्या मूलटोपीच्या सैलसर पेशी, मग विभाजी ऊतीच्या (सतत विभाजन पावणाऱ्या पेशीसमूहाच्या) लहान, चौकोनी पेशी, ज्यांचे गडद रंगलेले केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापून बसलेले असते. त्यांच्याही वर, त्याच रांगेत, पेशी एकाएकी लांबट होतात आणि पाण्याने फुगलेली रिक्तिका (पेशीतली रसाची पिशवी) केंद्रकाला कडेला रेटते. मूळ मातीत पुढे घुसते ते मुख्यतः या लांबण्याच्या जोरावर. भित्तिकेतील सेल्युलोजचे तंतू पिंपाच्या पट्ट्यांसारखे पेशीभोवती आडवे असतात, म्हणून पाण्याच्या दाबाने ती जाडीपेक्षा लांबीला अधिक वाढते. हे तंतू अशा सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत हे मान्य, पण सोबतच्या माहितीपत्रकात त्यांचा उल्लेखही नसावा आणि सगळी पाने सूत्री विभाजनाच्या (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या) अवस्थांवर खर्ची पडावीत, हे खटकते.

विभाजनाची स्वतंत्र काचपट्टी चांगली आहे. 400 पट विशालनावर एका मध्यावस्थेत (गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येतात त्या टप्प्यात) मला 16 गुणसूत्रे मोजता आली, आणि अंत्यावस्थेतील (शेवटच्या टप्प्यातील) एका पेशीत मधोमध सुरू होऊन कडांकडे सरकणारी नवी भित्तिका स्पष्ट दिसली. पश्चावस्था (गुणसूत्रे दोन टोकांकडे ओढली जातात तो टप्पा) शोधायला मात्र चिकाटी हवी, कारण बहुतेक पेशी विभाजनात नसतातच. तो दोष काचपट्टीचा नव्हे.

मूळ आणि खोडाचे आडवे छेद ठीक आहेत. त्यांत लिग्निनने (लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याने) जाड झालेल्या, आतून रित्या जलवाहिन्या दिसतात, म्हणजे वाढ संपल्यानंतरची स्थिती.

कोलियस या रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाच्या शेंड्याच्या उभ्या छेदाने पुरती निराशा केली. छेद घेणारे पाते मध्यातून न जाता बाजूने गेल्याने कोवळ्या पानांचे उंचवटे आहेत, पण ज्या घुमटातून ती फुटतात तो घुमटच नाही. तक्रार केल्यावर काचपट्टी विनासायास बदलून मिळाली. तीही नमुन्याच्या त्याच ठोकळ्यातून कापलेली असावी, कारण घुमट तिच्यातही नव्हता.