पावतीवर पीएफ कापलेला दिसतो, खात्यात मात्र नसतो

पाचगणी, महाबळेश्वर, वाई, लोणावळा, देवळाली... जिथे जिथे निवासी शाळा आहेत आणि ड्रायव्हर, हमाल, स्वयंपाकी, मावश्या, वॉचमन ठेकेदारामार्फत घेतले जातात, तिथल्या माणसांसाठी हे लिहितोय. तुमच्या घरातलं कुणी असं काम करत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

पाचगणीतल्या एका निवासी शाळेत मी मिनीबस चालवायचो आणि हमालीही करायचो. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असायची. टर्म सुरू झाली की पुणे स्टेशनवरून, मुंबईच्या विमानतळावरून मुलं आणायची, त्यांच्या ट्रंका उतरवायच्या आणि डॉर्मिटरीत प्रत्येकाच्या कॉटखाली नेऊन ठेवायच्या. जुलैत पसरणी घाटात धुकं उतरतं तेव्हा समोरच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही, आणि मागच्या सीटवर लोकांची पोरं गाढ झोपलेली असतात. रात्री कुणाला ताप चढला की मेट्रनबाई उठवायच्या, मग त्या मुलाला घेऊन वाईला, नाहीतर थेट साताऱ्याला. हे काम मी मनापासून केलं. शाळेचं नाव माझ्या शर्टाच्या खिशावर होतं, गाडीच्या दोन्ही बाजूंना होतं. कागदावर मात्र मी ठेकेदाराचा माणूस होतो.

ठेकेदार दर महिन्याला छापील पावती द्यायचा. मूळ पगार १२,००० रुपये. त्यातून 'पीएफ' म्हणून १,४४० रुपये वजा, आणि खालच्या ओळीत 'पीएफ कंपनी' म्हणून आणखी १,५६० रुपये वजा. म्हणजे ३,००० रुपये हातात यायच्या आधीच गेलेले. आम्ही विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "दोन्ही हिस्से तुमच्याच नावावर जमतात, म्हातारपणी दुप्पट मिळतील." हे साफ खोटं होतं. कामगाराने फक्त आपले १२ टक्के द्यायचे असतात. मालकाचे १२ टक्के आणि त्यावरचा विम्याचा व प्रशासनाचा मिळून १ टक्का कामगाराच्या पगारातून कापायला कायद्याने बंदी आहे. तुमच्या पावतीवर पीएफच्या दोन वजावटी असतील तर फसवणूक तिथेच सुरू झाली आहे, पुढचं काही तपासायच्या आधीच.

आमच्या मेसमधला स्वयंपाकी २०२३ च्या पावसाळ्यात हृदयविकाराने गेला. दोन लहान मुली आहेत त्याला. नोकरीत असताना पीएफचा सभासद वारला तर त्याच्या वारसांना विमा मिळतो, ईडीएलआय म्हणतात त्याला, आणि त्याची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे. त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, सगळे कागद गोळा करून दावा केला, तर कळलं की त्याच्या नावावर कित्येक महिने वर्गणीच आलेली नाही. दावा अडकला. ठेकेदार त्या बाईला सांगत राहिला, "केवायसी पेंडिंग आहे, सर्व्हर डाऊन आहे, पुढच्या आठवड्यात या." नवरा जाऊन महिना झाला नव्हता तिचा. मला अजून त्या माणसाचा राग येतो आणि तो जावा असं वाटतही नाही.

माझ्या पुतण्याने मग ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवर ठेकेदाराच्या फर्मचं नाव शोधलं. तिथे कुठल्याही आस्थापनेने कोणत्या महिन्याचे पैसे भरले आणि कोणाकोणाच्या नावाने भरले, हे कुणालाही बघता येतं. लॉगिन लागत नाही. शाळेत आम्ही चाळीसच्या वर माणसं होतो. यादीत नावं होती सात, आणि त्यातली तीन ठेकेदाराच्या घरातली. सुरुवातीला सगळ्यांचे काही महिने भरले होते, नंतर एकेक नाव गळत गेलं होतं. मधेच फर्मचं नाव बदललं होतं आणि काही जणांचे नवे यूएएन, म्हणजे पीएफचे कायमचे नंबर, काढले होते. पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते, ती अशी तुकड्यांत मोडून टाकलेली.

इतकी वर्षं आम्हाला एकही मेसेज का आला नाही, हेही तेव्हाच उलगडलं. आमच्या खात्यांना मोबाइल नंबर ठेकेदाराच्या मुनीमाचा जोडलेला होता. पैसे भरल्याचे, न भरल्याचे, ओटीपीचे सगळे मेसेज त्याच्याकडे. म्हणून सांगतो, आज घरी गेल्यावर ९९६६०४४४२५ या नंबरवर मिस्ड कॉल द्या. यूएएन सुरू असेल आणि खात्याला तुमचाच नंबर असेल तर शेवटची वर्गणी आणि शिल्लक मेसेजने येते. काहीच आलं नाही तर दुसऱ्याच कुणाचा नंबर तर नाही ना, हे आधी बघा. आधारला तुमचा नंबर जोडलेला असेल तर पोर्टलवर आधारच्या ओटीपीने तो बदलता येतो, मालकाची सही लागत नाही. मागच्या महिन्याची वर्गणी चालू महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे २० तारखेनंतर पासबुक उघडून बघावं.

शाळेच्या ऑफिसात गेलो तेव्हा ऐकायला मिळालं, "तुम्ही आमचे कर्मचारी नाही, ठेकेदाराशी बोला." हे उत्तर ऐकून परत फिरू नका. १९५२ च्या पीएफ योजनेत ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरली जाईल हे बघण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे शाळेवर टाकलेली आहे. आणि कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरला जातो.

दर महिन्याच्या २७ तारखेला ईपीएफओचे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' नावाचा कार्यक्रम घेतात. आम्ही साताऱ्याच्या कार्यक्रमात गेलो, सगळे मिळून, एकेकटे नाही. एकट्याला ठेकेदार दुसऱ्या दिवशी कामावरून काढतो. तक्रार लेखी दिली, पोच घेतली, ऑनलाइनही टाकली. पुढे पीएफ कायद्याच्या कलम ७-ए खाली, म्हणजे किती वर्गणी थकली आहे ते ठरवण्यासाठी, चौकशी लागली.

चौकशीत ठेकेदार म्हणाला, यातली निम्मी माणसं माझ्याकडे कधी नव्हतीच. तिथे माझ्या गाडीचं लॉगबुक कामी आलं. प्रत्येक फेरीची तारीख, किलोमीटर, वॉर्डनची सही. गेटवरच्या रजिस्टरमध्ये हमालांच्या आत-बाहेरच्या वेळा होत्या. मी त्या पानांचे फोटो आधीच काढून ठेवले होते, कारण तक्रारीचा वास लागताच जुनी रजिस्टरं स्टोअरमधून हलवली गेली. ज्यांचा पगार बँकेत जमा व्हायचा त्यांचं काम सोपं गेलं. रोखीने घेणाऱ्या मावश्यांकडे दाखवायला काहीच नव्हतं, त्यांच्यासाठी मेट्रनबाईंनी स्वतः येऊन जबाब दिला. त्या बाईंचे उपकार आम्ही कुणी विसरणार नाही. त्यांचीही नोकरी होती तिथे.

शाळेने ठेकेदाराचं बिल अडवलं, तेव्हा अलीकडच्या काळाची वर्गणी भरली गेली. जुन्या वर्षांची रक्कम अजून यायची आहे. 'पीएफ कंपनी' म्हणून कापलेले पैसे अद्याप कुणालाच परत मिळालेले नाहीत. वहिनींचा दावा चौकशीच्या निकालाला बांधलेला आहे आणि आम्ही दर तारखेला त्यांच्यासोबत जातो. शाळेत आता नवा ठेकेदार आहे. भरलेल्या वर्गणीची नावांसकट यादी बिलाला जोडल्याशिवाय त्याचं बिल निघत नाही, आणि ती यादी दर महिन्याला मेसच्या दारावर लावायची असं आम्ही लिहून घेतलं आहे.