नोकरी करणाऱ्यांसाठीचं एक दिवसाचं रिट्रीट: दुपारसाठी जा, सकाळ सोडली तरी चालेल

पुण्याजवळच्या एका कॅथलिक रिट्रीट हाऊसला (प्रार्थना-चिंतनासाठीची जागा) शनिवारी जाऊन आले, विषय होता रोजच्या कामात देव कुठे असतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सॅम्पल कलेक्शनला आहे. आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रोटेस्टंट, त्यामुळे तिकडे कसं काय जमणार असं घरच्यांना वाटत होतं, पण तिथे कुठल्या मंडळीतली म्हणून कोणी विचारलंसुद्धा नाही.

सकाळचं सेशन आधी उरकते. बाहेरून बोलावलेले ट्रेनर, स्लाईडवर बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं कलस्सैकरांस 3:23, ‘जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’, आणि मग जेवणापर्यंत तेच दळण, कुरकुर करू नका, एक्स्ट्रा ड्यूटी हसत घ्या. अहो पण एक ओळ आधीपासून वाचा की, पौल हे दासांना लिहितोय, आणि 4:1 मध्ये तोच धन्यांकडे वळून सांगतो की दासांशी न्यायाने वागा, तुमच्यावरही स्वर्गात धनी आहे. ती ओळ स्लाईडवर नव्हती. याकोब 5:4 तर लांबच राहिलं, तिथे कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते देवाच्या कानी जातं. समोर बसलेल्यांत कॉन्ट्रॅक्टवर राबणाऱ्या कितीतरी बायका होत्या, त्यांना ऐकायचं होतं ते हे.

दुपारी मात्र एक वयस्कर जेझुइट (संत इग्नेशियसने काढलेल्या कॅथलिक संघाचे) फादर आले आणि पैसे वसूल झाले. म्हणाले, उत्पत्ती 2:15 बघा, बागेची मशागत आणि राखण माणसाकडे पापाच्या आधीच दिलीय, म्हणजे काम ही शिक्षा नाही, घाम आणि काटेकुसळं नंतर आली. पोप पायस बाराव्यांनी 1955 साली कामगार संत योसेफाचा सण मुद्दाम 1 मे लाच ठेवला हेही मला तिथेच कळलं.

मग त्यांनी इग्नेशियसच्या पद्धतीने दिवसाचा आढावा घ्यायला लावला, पण अख्खा दिवस नाही, शिफ्टमधलं एकच काम घ्यायचं, जे आपण न बघता करतो. मी ट्यूबला स्टिकर लावणं घेतलं. सकाळी फास्टिंगवाल्यांची रांग लागलेली असते, टूर्निकेट बांधा, शीर चाचपा, जांभळ्या टोपणाची ट्यूब भरा, हळूच उलटीपालटी करा, स्टिकर, पुढचा. पेशंटला नाव विचारून स्टिकरशी जुळवणं हा आमचा नियमच आहे, ते यंत्रासारखं चालतं. आता ते नाव वाचताना मनात एवढंच म्हणते, प्रभू, ह्यांना सांभाळ. वेळ जास्त लागत नाही, रांग तेवढ्याच स्पीडने सरकते, पण समोरच्या आजींचा हात थरथरतोय हे दिसतं आणि मग आपोआप बसायला सांगितलं जातं. रोज जमतं असं नाही, सोमवारी तर विसराच.

शेवटी एका सिस्टरनी केडगावच्या मुक्ती मिशनचं, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या आश्रमाचं सांगितलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकामुलींच्या हातून छापलं गेलं. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या, पुस्तक 1924 ला आलं. ज्यांना दुष्काळात आणि विधवा म्हणून घरादाराने टाकलं त्यातल्या बायका तिथे विणकाम, शेती, छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणं असं सगळं शिकल्या. आमच्याकडे रमाबाईंचं नाव नेहमी घेतात, पण त्या खिळे जुळवणाऱ्या हातांबद्दल एवढं प्रेमाने बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

जेवण साधं, वरण-भात-भाजी, पण गरम. खुर्च्या प्लास्टिकच्या, पाठ धरते, उशी न्या. लेडीज टॉयलेट स्वच्छ. फी परवडणारी आहे, आणि ज्यांना जमत नाही त्यांना काउंटरवर हळूच सांगितलं तर कमी करतात. परत ठेवलं तर मी जाणार, फक्त बस दुपारच्या जेवणाला पोचेल अशी बघून.